वर्ग सात

अमळनेरात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
कानाला हेडफोन लावून मी कंपनीसाठी ऐकते.
कुठल्या कंपनीसाठी, ते कुणाला सांगणार नाही
असं लिहून दिलंय.
फॉर्मवर 'इतर भाषा'समोर मी अहिराणी लिहिलं होतं,
जरा मिरवायलाच.
तेव्हापासून अहिराणीची सगळी रांग
माझ्या एकटीच्या दारात.

एका व्हिडिओला चौदा सेकंद.
वर्ग एक नग्नता, वर्ग चार अफवा,
वर्ग सात जिवे मारण्याची धमकी.
खाली गिरणी सुरू झाली की टेबल थरथरतं,
पडद्यावर पिठाची साय धरते,
ओढणीने पुसते नि पुढचा उघडते.

जानेवारीत मशीनला शब्द शिकवायचे होते.
अर्थासाठी वीस अक्षरांची जागा,
आणि काना-मात्रा, वेलांटी, मधली मोकळी जागासुद्धा
तिथे अक्षरच धरतात.
'मुडदा' आला. मी लिहिलं: मेलेला माणूस.
आठ घरं रिकामी उरली.
त्यांत काय मावलं असतं, याचा विचार
तेव्हा केला नाही.
शब्दामागे पैसे होते, विचारामागे नव्हते.

मग श्रावणात एका गुरुवारी
रांगेत सुपडामावशी आली.
पांझरेकाठचं तिचं शेत, विहिरीची मोटर,
स्टीलच्या तांब्यात चहाच्या रंगाचं पाणी.
मोबाइल धरणारा हात कल्पेशचा, नातवाचा,
मनगटावरच्या घड्याळाने ओळखला, मीच दिलेलं.
"दखा रे भो, हाई पानी दखा.
ढोरं बी तोंड लावतस नही.
ज्यास्नी सोडं, त्यास्ना मुडदा पडो!"

मशीनने शब्दाखाली लाल रेघ ओढून ठेवलेली.
सात? हो किंवा नाही.
'नाही' म्हटलं तर वरचा माणूस तपासतो,
त्याला अहिराणी येत नाही, तो मशीनला विचारतो,
आणि मशीन मला शिकलंय.
आठवड्यात तीन चुका झाल्या की पगार कापतात.
दोन झाल्या होत्या.
अकरा, बारा.
बटण लालही नसतं हो,
राखेसारखं असतं.

शनिवारी रात्री जिल्ह्याचा आदेश निघाला:
अफवांना आळा घालण्यासाठी मंगळवारपर्यंत नेट बंद.
कसली अफवा, ते आदेशात नव्हतं,
विचारायचं तर विचारायचं कशावर?
माझी रांगही थांबली, रोज बुडाला.
दुसऱ्या दिवशी कानबाई.
एसटी पकडून मावशीकडे गेले.

ओसरीत भाऊबंद रोटांना बसलेले.
कल्पेश सांगत होता,
"काकू, आजीचा व्हिडिओ उडवला.
म्हणे, तिने खुनाची धमकी दिली."
मावशी हसली, पदर तोंडाला लावून, दम लागेस्तोवर.
"मी कोन्ले मारसू?
कोंबडी कापाले बी शेजारनाले बलावस!"
सगळे हसले.
मीही हसले, सर्वांत शेवटी, आणि जास्त वेळ.

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.
"मुडदा पडो तुन्हा, इतला येळ कथा व्हती?"
असं म्हणत तिने पाट सरकवला,
ताटात रोट, खीर, वर तुपाची धार,
आणि पाणी टँकरचं दिलं,
विहिरीचं नाही.
घास गिळायला मला ते पुरलं नाही.
सांगायचं होतं.
लिहून दिलंय, हे आठवलं.
खरं तर ते आठवायच्या आधीच गप्प बसले होते.

मंगळवारी नेट आलं.
रांगेत तीनशे बारा.
पहिलं उघडण्याआधी शब्दांच्या यादीत गेले,
'मुडदा' शोधला, जुना अर्थ खोडला,
नवा लिहायला लागले:
उशीर झालेल्याला म्हणतात, ताट वाढता वाढता,
ज्याची वाट पाहिली त्यालाच

खाली गिरणीचा पट्टा फिरत होता.
मशीनने विसावं अक्षर मोजलं
आणि एवढंच ठेवून घेतलं:

उशीर झालेल्याला म्हण